सासर अमेरिकेत असेल तर: ग्रीन कार्डासाठी कागदपत्रे कशी जमवावीत?

मुलीचे स्थळ अमेरिकेतले ठरले की घरात आधी हॉलची चर्चा होते, मग जेवणाची, मग दागिन्यांची. कागदपत्रांचा विषय निघतो तो नवरदेव सुट्टी संपवून परत गेल्यावर. तोवर साक्षीदार आपापल्या गावी गेलेले असतात, काझी साहेबांच्या रजिस्टरात नावाचे स्पेलिंग भलतेच पडलेले असते आणि मुलीचा जन्मदाखला कुठे आहे हे अम्मीलाही आठवत नसते. मग ज्या कामाला दोन दिवस पुरले असते त्याला सहा महिने लागतात. मुंबई, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर किंवा कोकणातून ज्यांची मुलगी वा मुलगा अमेरिकेतल्या जोडीदाराकडे जाणार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती एका जागी देत आहोत.

अर्जाचा रस्ता

अर्ज अमेरिकेत राहणारा जोडीदार करतो. तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. तो तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे फॉर्म आय-१३० भरतो. सोबत आय-१३०ए हा फॉर्म असतो. त्यात इकडच्या जोडीदाराचे गेल्या पाच वर्षांतले पत्ते आणि नोकऱ्या लिहायच्या असतात. दोघांचे दोन बाय दोन इंचाचे फोटोही लागतात.

अर्ज मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि सगळी कागदपत्रे स्कॅन करून चढवायची. महाराष्ट्रातल्या अर्जदारांची मुलाखत साधारणपणे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होते.

नवरा नागरिक असेल तर पत्नीसाठी कोट्याची रांग नसते. तो ग्रीन कार्डधारक असेल तर एफ२ए नावाच्या रांगेत नंबर लागावा लागतो. तेव्हा स्थळ पाहतानाच विचारून घ्या, "नागरिकत्व आहे की ग्रीन कार्ड?" यात संकोच कसला? मुलीला किती काळ माहेरी थांबावे लागेल, हे या एका उत्तरावर अवलंबून आहे.

निकाहनामा आणि सरकारी नोंदणी

निकाहनामा हा आपल्या शरीअतप्रमाणे लग्नाचा करार आहे आणि तो फाइलमध्ये हवाच. पण दूतावासाला त्यासोबत सरकारी अधिकाऱ्याने दिलेला विवाह नोंदणीचा दाखलाही हवा असतो. महाराष्ट्रात १९९८च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ही नोंद होते आणि तो कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. लग्न कोणत्याही धर्माचे असो, त्याची नोंद सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितले आहे.

शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि गावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते. निकाहनंतर ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. नंतरही नोंद होते, पण दंड भरावा लागतो. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हजर लागतात. निकाह पढवणाऱ्या काझी साहेबांची सही लागते. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचे मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मागतात.

खरी अडचण "हजर" या शब्दात आहे. नवरदेव तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला असतो. म्हणून निकाहची तारीख ठरली की त्याच आठवड्यात नोंदणी कार्यालयात जाऊन चौकशी करा. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर जास्तीचे कागद मागू शकतात, तेही आधीच विचारा. वलीमा झाला की दुसऱ्याच दिवशी नोंदणीला जायचे, असा बेत ठेवा.

फोनवरचा निकाह

सुट्टी मिळत नाही म्हणून फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर निकाह पढवण्याची पद्धत बऱ्याच घरांत रुळली आहे. अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा मात्र इथे कडक आहे. लग्न लागताना दोघे एकमेकांसमोर हजर नसतील, तर त्यानंतर ते पती-पत्नी म्हणून एकत्र आले असल्याशिवाय ते लग्न इमिग्रेशनसाठी धरले जात नाही. असा निकाह झाला असेल तर जोडीदार नंतर इथे आल्याचे पुरावे जपा: पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे, एकत्र राहिल्याच्या हॉटेलच्या पावत्या, फोटो. आय-१३० त्या भेटीनंतरच भरावा. जमत असेल तर निकाह समोरासमोरच करावा, पुढचे पुष्कळ प्रश्न वाचतात.

जन्मदाखला

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा असून तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांकडून दूतावास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखलाच मागतो. दाखल्यात जन्मतारीख, जन्मठिकाण आणि आई-वडील दोघांची नावे हवीत. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद दवाखान्यातून झाली तेव्हा नाव ठरलेलेच नव्हते. तिथे नाव घालून घेता येते. आईच्या नावाच्या जागी नुसते "बी" किंवा "बेगम" पडले असेल तर तेही दुरुस्त करून घ्या.

नोंदच नसेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, उशिरा नोंदणीचा. जन्माला एक वर्ष उलटून गेले असेल तर कायद्याने ठरवलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आदेशावर सही कोणाची आहे आणि त्या अधिकाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे नीट पाहा. "दोन दिवसांत दाखला काढून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहा. दुसरा मार्ग म्हणजे नोंद सापडत नसल्याचा दाखला घ्यायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व आई-वडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडायचे. प्रतिज्ञापत्रात जन्माची तारीख, ठिकाण आणि आईचे लग्नाआधीचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे.

शाळेत नोकरी करत असल्याने दाखल्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. शाळा सोडल्याचा दाखला हा जनरल रजिस्टरचा उतारा असतो. रजिस्टरात जे आहे तेच दाखल्यात येते. पालक येऊन म्हणतात, "मॅडम, एवढी तारीख तेवढी बदलून द्या." मुख्याध्यापकांना ते स्वतःच्या अधिकारात करता येत नाही. जन्मदाखल्यासारखा पुरावा जोडून शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. मूल शाळेत असतानाच रजिस्टरातले नाव आणि तारीख पाहून घेतली तर हा हेलपाटा वाचतो.

नावाचे स्पेलिंग

आपल्या घरांतल्या फाइली बहुतेक इथेच अडतात. आधारवर शेख, पासपोर्टवर शाईख, निकाहनाम्यात "बिन्ते" लावून वडिलांचे नाव आणि आडनावच नाही. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे एमडी, कुठे एमओएचडी. उर्दूत सगळे एकच दिसते, इंग्रजीत चार वेगळी माणसे होतात.

उपाय साधा आहे. पासपोर्टवरचे स्पेलिंग प्रमाण धरा. निकाहनामा भरायच्या आधी दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स काझी साहेबांच्या हातात द्या आणि इंग्रजी नाव त्याप्रमाणेच लिहायची विनंती करा. हिजरी तारखेसोबत इसवी तारीखही लिहून घ्या. जुन्या कागदांत किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. फरक मोठा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा.

लग्नानंतर मुलीने पासपोर्टवर नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाने अर्ज व्यवस्थित चालतो. उगाच घाईने पासपोर्ट बदलला की बाकीचे कागद मागे राहतात.

आधीचे लग्न

दोघांपैकी कोणाचेही आधी लग्न झाले असेल तर ते कायदेशीर संपल्याचा कागद लागतो. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा. नुसत्या तलाकनाम्यावर विसंबून राहू नका. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द ठरवला आणि २०१९च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. तलाक किंवा खुला आपसात झाला असेल तर वकिलांना विचारून कौटुंबिक न्यायालयातून त्याची घोषणा मिळवणे चांगले.

मुलीकडच्यांनी इथे डोळ्यांत तेल घालून पाहावे. मुलाचे अमेरिकेत आधी लग्न झाले असेल तर तिथल्या कोर्टाच्या घटस्फोटाची प्रत निकाहच्या आधी मागा. "झालंय सगळं, कागद नंतर पाठवतो" हे उत्तर पुरेसे नाही. पहिले लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या निकाहच्या आधारे अमेरिका पत्नीला ग्रीन कार्ड देत नाही. मग इकडे मुलगी विवाहित राहते आणि तिकडे तिला पत्नीचा दर्जा नाही.

पोलिसांचा दाखला

वय १६ किंवा जास्त असेल तर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागते. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून ते पासपोर्ट कार्यालयाकडून मिळते. आखाती देशांत राहून आलेल्यांनी हे लक्षात ठेवा: १६ वर्षांचे झाल्यावर दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर साधारणपणे त्या देशाच्या पोलिसांचा दाखलाही द्यावा लागतो. कुवेत, दुबई, सौदीचा दाखला भारतात बसून मिळवायला वेळ लागतो. ते काम आधी सुरू करा.

लग्न खरे असल्याचा पुरावा

कागदासाठी केलेले लग्न अमेरिकेत गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून अधिकारी बारकाईने पाहतात. निकाह आणि वलीम्याचे दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो, पत्रिका, हॉलची पावती, एकत्र प्रवासाची तिकिटे, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, बँकेत किंवा विम्यात वारस म्हणून लावलेले नाव आणि दर महिन्याच्या कॉलची थोडी नोंद द्यावी. पाचशे फोटो नकोत. वेगवेगळ्या वेळचे वीस-पंचवीस, मागे तारीख आणि ठिकाण लिहिलेले, पुरेत.

पैशाची हमी, भाषांतर आणि तपासणी

नवऱ्याने आय-८६४ या फॉर्मवर पत्नीच्या खर्चाची हमी द्यायची असते. त्याचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के हवे. कमी पडले तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन राहू शकतो. सोबत त्याचे आयकराचे कागद लागतात.

उर्दू आणि मराठी कागदांचे पूर्ण इंग्रजी भाषांतर द्यावे. शिक्के आणि समासातला मजकूरही सोडू नये. खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचे की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व बिनचूक आहे. नवरा-बायकोने स्वतः भाषांतर करण्यापेक्षा तिसऱ्या जाणकाराकडून करून घ्यावे. अपोस्टिलच्या शिक्क्याची या अर्जाला गरज नसते, त्यावर खर्च करू नका.

वैद्यकीय तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. लसीकरणाची जुनी कार्डे शोधून ठेवा. मुलाखतीला सगळे मूळ कागद न्यावे लागतात. फाइल व्हिसा सेंटरकडे असताना वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर ती बंद होऊ शकते. तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि फी वेळोवेळी बदलते, म्हणून भरताना तिथेच पाहावी.

एक संच मुलीकडे

अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर मिळणारे ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ भरायचा असतो. संसार मोडला किंवा छळ झाला तर पत्नीला हा अर्ज एकटीने करण्याची सोय कायद्यात आहे. पण त्यासाठी लग्न खरे होते हे तिला दाखवावे लागते. ते सगळे कागद नवऱ्याच्या कपाटात असतील तर ती काय दाखवणार?

म्हणून फाइल एक नाही, तीन करा. एक नवऱ्याकडे, एक माहेरी आणि एक मुलीच्या स्वतःच्या हातात. स्कॅन केलेली प्रत तिच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा आणि पासवर्ड तिलाच माहीत असू द्या. कोणता कागद कशासाठी आहे हे तिला समजावून सांगा. फॉर्मवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ तिने वाचलेली असावी. मेहरची रक्कम निकाहनाम्यात स्पष्ट लिहून घेतो, तेवढ्याच काळजीने ही फाइलही तिच्या हवाली करा. विमानतळावर निरोप देताना तिच्या हँडबॅगेत ती आहे, एवढे मात्र आठवणीने पाहा.