पाद्र्यांचा पगार आणि फ्रेंच प्रजासत्ताक

१९०६ सालचा फेब्रुवारी-मार्च. फ्रान्समधल्या कित्येक खेड्यांत चर्चचे दार आतून अडसर घालून बंद केलेले. आत बायाबापड्या प्रार्थना म्हणताहेत, आणि बाहेर वही घेऊन सरकारी कारकून उभा, सोबत शिपाई. त्याला मेणबत्तीदाण्या, पेले, मूर्ती यांची यादी करायची होती. सरकारच्या लेखी हे निव्वळ कागदी काम. पण भाविकांना वाटले, ही देवाच्या घरावर जप्तीच आली! बेल्जियमच्या सरहद्दीजवळच्या एका खेड्यात गोळी सुटली, माणूस मेला, आणि दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, पॅरिसचे मंत्रिमंडळ कोसळले.

एवढे वैर आले कोठून? १७८९ च्या क्रांतीने चर्चच्या जमिनी घेतल्या. पुढे १८०१ मध्ये नेपोलियनने पोपशी करार केला. पाद्र्यांना सरकारी खजिन्यातून पगार मिळावा. मात्र बिशप कोण, हे सरकारने सुचवावे, पोपने त्याला मान्यता द्यावी. म्हणजे बघा, भाकरीही सरकारची आणि दोरीही सरकारचीच!

हा करार शंभरावर वर्षे टिकला, पण मने जुळली नाहीत. बहुतेक निष्ठावंत कॅथलिकांचे डोळे राजाच्या वाटेकडे, तर प्रजासत्ताकवाद्यांना चर्च म्हणजे राजेशाहीचा किल्ला. १८६४ मध्ये नवव्या पायस पोपने ऐंशी ‘प्रमादां’ची यादी काढली, पोपने उदारमतवादाशी व आधुनिक सुधारणेशी जुळवून घ्यावे, हे मतच तीत शेवटचा प्रमाद ठरले. तेराव्या लिओने १८९२ मध्ये फ्रेंच कॅथलिकांना प्रजासत्ताक स्वीकारण्याचा सल्ला दिला खरा. पण पुष्कळांना तो रुचला नाही. त्यातच ड्रायफस प्रकरण पेटले, आणि दरी रुंदावली.

मग पंतप्रधान झाले एमिल कोंब. गंमत अशी की, हे गृहस्थ तरुणपणी पाद्री व्हायला निघालेले! त्यांनी धर्मसंघांच्या हजारो शाळा बंद केल्या. अखेर ९ डिसेंबर १९०५ रोजी विभक्ततेचा कायदा झाला. पहिल्या कलमात सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी. दुसऱ्यात, प्रजासत्ताक कोणत्याही पंथास मान्यता, पगार वा अनुदान देणार नाही. कायद्याचे शिल्पकार आरिस्तीद ब्रियां मात्र कोंब यांच्यापेक्षा मवाळ होते. चर्चची मालमत्ता ज्या मंडळांकडे जायची, त्यांनी चर्चची अंतर्गत शिस्त पाळली पाहिजे, अशी तरतूद कायद्यात होती.

तरीही दहाव्या पायसने ती मंडळे नाकारली. बिशपच्या अधिकाराला तीत पुरेसे संरक्षण नाही, हा त्याचा आक्षेप. किंमत भारी पडली. बिशपांचे वाडे गेले, पाठशाळा गेल्या; गरीब गावातल्या पाद्र्याला गावकऱ्यांच्या वर्गणीवर दिवस काढावे लागले. हे दुःख खोटे नव्हते.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पगार गेला, तशी दोरीही तुटली. फेब्रुवारी १९०६ मध्येच पोपने चौदा फ्रेंच बिशपांना रोममध्ये दीक्षा दिली. मंत्र्याला विचारावे लागले नाही. सरकारनेही हट्ट धरला नाही. १९०७ च्या कायद्याने चर्चची दारे पूजेसाठी उघडीच ठेवली. १९१४ च्या महायुद्धात पाद्री आणि नास्तिक एकाच खंदकात उभे राहिले, आणि १९२४ मध्ये बिशपच्या अधिपत्याखालील मंडळांवर तडजोड झाली.

आल्सास आणि मोझेल हे भाग १९०५ साली जर्मनीत होते. म्हणून तिथे जुना करार आजही चालू आहे आणि पाद्र्याला सरकारी पगार मिळतो. म्हणजे तत्त्वाच्या कडवेपणालाही इतिहासापुढे थोडे वाकावे लागते.

तेव्हा जिंकले कोण? चर्च हरले असे म्हणावे, तर त्याला आपले बिशप निवडण्याची मोकळीक मिळाली. सरकार हरले म्हणावे, तर शाळा आणि कायदा त्याच्याच हाती राहिले. श्रद्धेला राज्याचा आधार हवासा वाटतो, आणि राज्याला श्रद्धेवर लगाम. दोन्ही मोह सोडावे लागले, तेव्हा कुठे दोघे शेजारी म्हणून राहू शकले. आज फ्रान्समधल्या खेड्यातले १९०५ पूर्वीचे चर्च बहुधा गावच्या नगरपालिकेच्या मालकीचे असते. आत उपासना पाद्री करतो; छप्पर गळू लागले तर त्याची काळजी मेयरला, मग तो मेयर देव मानो वा न मानो.