पोटखराबाचा इतिहास

लवळ्यात घर घेतले तेव्हा कागदपत्रांच्या गठ्ठ्यात जमिनीचा जुना सातबाराही हाती आला. ‘तरी’च्या, म्हणजे भातजमिनीच्या रकान्यात काही नाही, ‘वरकस’पुढे एक आकडा आणि खाली ‘पोटखराब’. माझ्या बैठकीच्या खोलीचा सरकारदरबारी नोंदलेला पूर्वेतिहास एवढाच.

हे शब्द नीट वाचायला मला उशीर झाला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836च्या सुमारास इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. जे पिकत नाही, त्यावर सारा नाही. तो भाग पोटखराब. हिशेबापुरता शब्द सोयीचा, पण पुढे तो जमिनीच्या लायकीचाच दाखला होऊन बसला.

वरकसाची गोष्ट तर आणखी वेगळी. मुळशीतला भात राबावर उभा. उन्हाळ्यात उताराची झाडे खांदायची, फांद्या, पाला, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागी पसरून जाळायचे, मग पावसाला पेरणी. शिवाय गुरांची चराई आणि उतारावर थोडी नाचणी-वरी. खाचराच्या पोटाला डोंगर लागे. जड सारा मात्र खाचरावर, म्हणून दप्तराच्या लेखी मोल खाचराला. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीचा सत्याग्रह झाला तो बुडणाऱ्या गावांसाठी आणि भातखाचरांसाठी. वरकसासाठी कोणी सत्याग्रह केल्याचे माझ्या वाचनात नाही.

गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीला आयटी पार्क आले आणि उताराचा भाव उलटला. ज्याला सारा नव्हता, त्याला ‘व्ह्यू’ मिळाला. लवळ्याच्या टेकडीवर सिम्बायोसिसचे आवार उभे राहिले, फ्लेम विद्यापीठही इथलेच. शेजारचे सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक 2021 साली पुणे महापालिकेत गेले. लवळे तेव्हा बाहेरच राहिले.

इंग्लंडच्या दक्षिणेला खडूच्या टेकड्या आहेत. 1916 साली तिथे समुद्रकड्यावर पीसहेवन नावाची वसाहत निघाली. वर्तमानपत्रातल्या स्पर्धेची बक्षिसे म्हणून तिथले प्लॉट वाटले गेले. जवळच्याच ब्रायटनच्या नगरपालिकेने मात्र आजूबाजूच्या टेकड्या विकत घेतल्या, कारण शहराचे पिण्याचे पाणी त्या खडूतून झिरपत येई. टेकडीचा उपयोग त्यांनी नळाशी जोडून पाहिला. आपल्याकडचा बेसाल्ट खडूसारखा सच्छिद्र नाही. पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठते. जेसीबी आधी नेमका तो मुरूमच काढतो. आमची इमारत अशाच कापलेल्या उतारावर आहे. जूनमध्ये पार्किंगमध्ये लाल पाणी शिरते आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. दोन्हींची वर्गणी मी भरतो, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

गावातल्या एका तात्यांना मी सातबारा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, गट नंबर वाचला आणि आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट केले. “सर, हितनं आम्ही राबाचा पाला आणायचो. तुमची गॅलरी हाय ना, तिथं मोठा ऐन व्हता. त्याला दरसाल खांदायचो, पर बुंध्याला कधी कुऱ्हाड लावली न्हाई.”

मग त्यांनी विचारले, आता पाला कुठून आणायचा ते तुमच्या कागदात लिहिलंय का? मी कागद घडी करून खिशात ठेवला.