त्यांचा परदेश म्हणजे पुणे

विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला शिकले आणि परत येऊन भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक झाले. इरावती कर्वे १९२८ मध्ये त्याच शहरी मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. बोटीचा प्रवास, शाकाहाराची पंचाईत, हाडं गोठवणारी थंडी, नवी भाषा शिकताना उडालेली भंबेरी अशा विलायती शिक्षणाच्या कथा मराठी वाचकाला तोंडपाठ आहेत. उलट दिशेच्या वाहतुकीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिनमधली विशीतली मुलंमुली पदवीच्या अभ्यासातला काही काळ पुण्यात काढायला येत. नारायण पेठेतल्या किंवा डेक्कनवरच्या एखाद्या घरात राहून ती मराठी शिकत. या वाहतुकीचा माग काढत गेलं की पुण्याच्या वेशीपाशी थांबता येत नाही. तो पूर्वेला निघतो आणि शिरूर-दौंडच्या माळावर पोहोचतो.

शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती. कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये इथेच वारला. त्याचं थडगं पुढे ‘सत्पुरुषा’चं स्थान बनलं. आसपासचे शेतकरी सुगीच्या वेळी तिथे नवं धान्य आणून वाहत, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावकडे निघाली, तीही याच छावणीतून.

छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला मराठी लागे ती पोटापाण्यासाठी. शिपायांना हुकूम द्यायचा, पाटील-कुलकर्ण्यांशी बोलायचं, रसदेचा भाव ठरवायचा, तर दुभाष्याच्या भरवशावर किती दिवस काढणार? त्यामुळे शिकवायला पंडित ठेवायचा, देशी भाषेची परीक्षा द्यायची, ही रीत फौजेत रुजली. या रीतीतूनच जेम्स थॉमस मोल्सवर्थ घडला. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेल्या या लष्करी माणसाने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून आणि जॉर्ज व थॉमस या कँडी बंधूंची मदत घेऊन १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. १८५७ ची सुधारलेली आवृत्ती तर आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. या कोशात शेतकऱ्यांचे, बलुतेदारांचे, बायकांच्या बोलण्यातले शब्द भरपूर आहेत. त्यांची छाननी मात्र शास्त्रीबुवांच्या बैठकीत झाली. परक्याला मराठी शिकवण्याचा मान तेव्हा पंडिताकडे होता.

मग मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोहोचलं आणि १८४० च्या दशकात शिरूरला ठाणं झालं. नगर-पुणे रस्त्यावरचं हे गाव दोन्हीकडून सोयीचं होतं. मिशनऱ्यांची अडचण अधिकाऱ्यांपेक्षा वेगळी होती. अधिकाऱ्याचं मोडकंतोडकं मराठी लोक ऐकून घेत, कारण त्याच्या हातात सत्ता होती. बाजाराच्या दिवशी पारावर उभं राहून धर्माच्या गोष्टी सांगणाऱ्याचा एक उच्चार चुकला तरी पोरं फिदीफिदी हसत. त्यामुळे पंडिताकडे व्याकरण शिकून झालं की गावोगाव हिंडून कान तयार करावा लागे. मिशनरी कुटुंबात वाढलेला, १८५३ मध्ये जन्मलेला जस्टिन अॅबट या परंपरेतला. धर्मप्रसारासाठी शिकलेल्या मराठीने त्याला शेवटी महिपतीच्या संतचरित्रांपाशी नेलं. नरहर गोडबोले यांच्यासह त्याने ‘भक्तिविजया’चं केलेलं इंग्रजी भाषांतर त्याच्या निधनानंतर, १९३३ मध्ये छापून आलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. आता येणारा परदेशी राज्यकर्ता नव्हता आणि प्रचारकही नव्हता. तो विद्यार्थी होता. त्याला इथे धाडणारी कारणं मात्र फार दूर घडत होती. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे जो शिक्षणविषयक कायदा झाला, त्यात गणित-विज्ञानाच्या बरोबरीने परकीय भाषांच्या अभ्यासालाही पैसा मिळाला. शिकागो, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या अभ्यासाने बाळसं धरलं आणि त्यात मराठीलाही जागा झाली.

दुसरं कारण तर थेट रेशनच्या दुकानातलं. पीएल-४८० या कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारताला रुपयांत मिळे. हे रुपये अमेरिकेच्या खात्यावर साठत जात आणि त्यातला बराचसा भाग भारतातच खर्च करावा लागे. तेव्हा १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने या रुपयांतून भारतीय भाषांमधली पुस्तकं घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली. मुंबई-पुण्यात छापलेल्या कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक, संतवाङ्मयाच्या प्रती अमेरिकन विद्यापीठांच्या कपाटांत जाऊन बसल्या. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. तिलाही याच रुपयांचा आधार मिळाला आणि आरंभीच्या काळात तिचं मुख्य ठाणं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होतं. दौंड-शिरूरसारख्या अवर्षणाच्या टापूत रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने त्या लालसर गव्हाला आणि मिलो ज्वारीला नावं ठेवली असतील. त्या धान्याच्या हिशेबातून कुणीतरी मराठी शिकत होतं, हे त्याच्या कानावर जाण्याचं काही कारण नव्हतं.

संशोधकांपाठोपाठ पदवीचे विद्यार्थी आले. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या छोट्या महाविद्यालयांच्या संघाने १९६९ मध्ये पुण्यात भारत-अभ्यासाचा उपक्रम सुरू केला. कार्लटन, ग्रिनेल अशी महाविद्यालयं त्यात होती. त्याची बांधणी विचारपूर्वक केलेली होती. अमेरिकेतच मराठीची तोंडओळख करून द्यायची, मग पुण्यात आणून एकेका विद्यार्थ्याला एकेका कुटुंबात ठेवायचं. सकाळी वर्ग, दुपारी स्वतंत्र प्रकल्पासाठी हिंडणं आणि संध्याकाळी घरच्यांबरोबर जेवण. वर्गातलं मराठी प्रमाण असे. स्वयंपाकघरातलं मराठी वेगात येई, अर्धी वाक्यं गिळून येई, आणि ‘अजून एक पोळी घे’ला नकार कसा द्यायचा हे कुठल्याच धड्यात नसे. पंडिताची गादी आता प्राध्यापक आणि घरची काकू यांनी वाटून घेतली होती.

या उपक्रमाशी एलिनॉर झेलियट यांचं नाव जोडलेलं आहे. कार्लटन महाविद्यालयात त्यांनी १९६९ पासून जवळजवळ तीन दशकं इतिहास शिकवला. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला. दलित साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दुसरं नाव मॅक्सीन बर्नसन यांचं. त्या भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी फलटणला गेल्या आणि तिथेच राहिल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांचा प्रबंध फलटणच्या बोलण्यात जात, शिक्षण आणि वर्ग यांनुसार पडणाऱ्या फरकांवर होता. इरावतीबाईंच्या कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी तयार केलेलं मराठीचं संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियाहून निघालं. सोबत कोश आणि वाचनपाठही आले. बर्लिनला शिकून आलेल्या आईची मुलगी अमेरिकन मुलांसाठी मराठीचं पुस्तक लिहीत होती.

व्याकरण हातात आलं तरी शहरातल्या मराठीची सीमा विद्यार्थ्यांना लवकर कळे. पुण्याच्या घरात ‘पाणी’ शिकलेल्या मुलाला हडपसर ओलांडलं की ‘पानी’ ऐकू येई. ‘होतं’चं ‘व्हतं’ होई आणि ‘गेला होता’चं ‘गेलता’. ज्यांना मराठी संस्कृतीवर गंभीरपणे काम करायचं होतं, त्यांना एसटीत किंवा पॅसेंजर गाडीत बसणं भाग होतं. पुण्याहून दौंडच्या दिशेने रेल्वे १८५० च्या दशकाअखेरीपासून आहे. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेच्या नोकरीनिमित्त ठिकठिकाणची माणसं येऊन राहिल्याने या गावाला परकी बोली नवी नव्हती.

याच दौंड तालुक्यातून आषाढीला तुकोबांची पालखी जाते. लोणी काळभोरनंतर यवत आणि वरवंड हे तिचे मुक्काम. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात, तिची कीर्ती वारीभर आहे. ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवड-जेजुरीकडे वळते. मराठीच्या परदेशी अभ्यासकांसाठी या दोन्ही वाटा चालत्या विद्यापीठासारख्या ठरल्या. फ्रेंच जेझुइट गी दल्यूरी यांचा विठ्ठल-संप्रदायावरचा ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. इरावतीबाईंचा वारीवरचा लेख १९६२ मध्ये अमेरिकन नियतकालिकात आला आणि तिथल्या वर्गांत वर्षानुवर्षं वाचला गेला. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’चं फिलिप एंगब्लॉम यांनी केलेलं भाषांतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं.

ग्युंटर सोन्थायमर यांनी तर आणखी आडवाट धरली. हायडेलबर्ग विद्यापीठातला हा जर्मन पंडित मुळात हिंदू कायद्याचा अभ्यासक. महाराष्ट्रात हिंडता हिंडता तो धनगरांच्या वाड्यांवर जाऊन पोहोचला. मेंढ्यांच्या कळपामागे चालणाऱ्या लोकांच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवरचा त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनीत आला. त्याचं इंग्रजी रूप १९८९ मध्ये अॅन फेल्डहाउस यांनी केलं. फेल्डहाउस याही मराठी शिकून महानुभाव वाङ्मयात शिरलेल्या. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये निघाला. मोल्सवर्थनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी परदेशी आणि मराठी अभ्यासक पुन्हा एका कोशावर बसले. या वेळी मुखपृष्ठावर दोघांचीही नावं बरोबरीने होती.

शिरूरचा धागा याच काळात पुन्हा वर येतो. गी पोयतव्हँ हे फ्रेंच अभ्यासक १९७२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले आणि २००४ मध्ये गेले. हेमा राईरकर यांच्यासह आणि कार्यकर्त्यांच्या मोठ्या जाळ्याच्या मदतीने त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली होती. ओव्या मात्र बायकांच्या ओठांवर होत्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. त्यात शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्याही ओव्या आहेत. भावावरच्या, सासुरवासाच्या, पंढरीच्या, बाबासाहेबांच्या. यातल्या कितीतरी जणींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. मोल्सवर्थच्या काळात जिच्या शब्दावर शास्त्रीबुवांचं शिक्कामोर्तब लागलं असतं, ती बाई आता स्वतःच शेवटचं प्रमाण होती.

अमेरिकन इन्स्टिट्यूटचे मराठीचे वर्ग पुण्यात पुढेही चालू राहिले. शहर मात्र बदललं. परका चेहरा दिसला की भाजीवाल्यापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे इंग्रजीत सुरू होतात आणि मराठी बोलायला आलेला विद्यार्थी हिरमुसतो.

दरम्यान वाहतुकीची दुसरी बाजू गजबजली. शिरूरजवळच्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत इटलीची फियाट, कोरियाची एलजी, चीनची हायर अशा कंपन्या आल्या. अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावात परदेशी अभियंते दिसू लागले. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन शिकवतो. तिथल्या अभ्यासक्रमांकडे तालुक्याच्या गावातली मुलं नोकरीची वाट म्हणून पाहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० तरुणांना पाठवण्याचं उद्दिष्ट ठरलं आणि त्यांच्या जर्मनच्या तयारीची जबाबदारी राज्याच्या शैक्षणिक यंत्रणेवर आली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशी कामं यादीत होती. सोन्थायमरच्या हायडेलबर्गचं राज्य हेच. तिथे जाणाऱ्या तरुणाला आधी वॉर्डातलं, गॅरेजमधलं, वळणावरच्या पाटीवरचं जर्मन शिकायचं आहे. रात्रपाळीनंतर शेजाऱ्याशी चार शब्द कसे बोलायचे, हे त्याला कोण शिकवणार, याचा उल्लेख करारातल्या कामांच्या यादीत नाही.