लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या रेषा आणि माझा लाल-हिरवा ग्राफ

परवा खराडीतल्या माझ्या खोलीवर एका मित्राला पेपरसाठी केलेला ग्राफ दाखवला. दोन रेघा, एक लाल, एक हिरवी. माझ्या मते झकास! तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यातली तुझी पद्धत कुठली आणि जुनी कुठली?" त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे चार वर्षांच्या ओळखीत मला माहीतच नव्हतं. माझा सगळा दावा त्या दोन रेघांमधल्या फरकावर उभा होता.

तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. 1885 साली ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना अंशतः रंगांधत्व आहे. रंगकाम सुटलं. पण हात रेखाटनावर बसलेला होता, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि 1887 साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) तोच विषय शिकवू लागले.

चित्रात अडलेला माणूस यंत्राच्या चित्रात का अडला नाही? कारण तिथे आकार आणि माप सांगायचं काम रेषेचं असतं. अर्थात रंग तिथेही होते. एकोणिसाव्या शतकात बिडाला एक, पितळेला दुसरा असे धातूनुसार रंग भरायची पद्धत होती. पण जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या सायनोटाइपमधून पुढे ब्ल्यूप्रिंट आली. तिच्यात निळ्यावर पांढरं, एवढंच उमटतं. मग रंगाने सांगायचं ते रेषेने सांगणं भाग पडलं. दिसणारी कड जाड आणि सलग, लपलेली कड तुटक, मध्यरेषा साखळीसारखी, कापलेल्या भागावर तिरप्या रेघा. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर आपण हेच घोटतो. हा बदल झाला तो प्रती स्वस्तात काढता याव्यात म्हणून, रंग न कळणाऱ्यांचा विचार कोणी केला नव्हता. तरी सोय झाली ती त्यांचीही.

पुढे बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. इथे वस्तू 'दिसते कशी' हा प्रश्न वेगळ्याच बाजूने आला. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. लाकडी नांगर माती उकरतो, लोखंडी ती पलटून टाकतो, हे कागदावर पटवून काय उपयोग? पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. 1910 मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, तोवर हा समज मागे पडू लागला होता.

आता मोह होतो म्हणायचा की रंगांधत्वामुळेच त्यांचे नांगर चांगले झाले. तसं म्हणायला आधार नाही. रंगांधत्वाने त्यांची वाट बदलली, इतकंच ठामपणे लिहिता येतं. तुम्ही साहित्याचा आढावा लिहाल तेव्हा ही 'च'ची सवय सांभाळा, माझ्या पहिल्या मसुद्यात ती पानोपानी होती.

लाल-हिरव्याचा गोंधळ करणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त आढळतो. तुमच्या वर्गात, परीक्षकांत असा एखादा असायची शक्यता बरीच आहे, आणि तो ते सांगेलच असं नाही.

मी ग्राफ परत काढला. एक रेघ सलग, वर गोल खुणा. दुसरी तुटक, वर त्रिकोण. नावं कोपऱ्यातल्या चौकटीत न ठेवता थेट रेघांशेजारी लिहिली. रंग ठेवले, पण निळा आणि नारिंगी. मग झेरॉक्सच्या दुकानात काळी-पांढरी प्रत काढून मित्रापुढे ठेवली. त्याने दोन्ही रेघा बरोबर ओळखल्या, आणि वर विचारलं, "इथे उजवीकडे जुनी पद्धतच पुढे आहे ना रे?"

आहे. ते मलाही आत्ताच दिसलं.