गांजा, वेड्यांची इस्पितळं आणि एक रकाना

गांजाबद्दलचे दोन फॉरवर्ड तुमच्याकडेही आले असतील. पहिला: गांजा ओढला की माणूस वेडा होतो. दुसरा: इंग्रजांनीच चौकशी करून गांजा निर्धोक ठरवला होता, बंदी अमेरिकेने लादली. गंमत अशी की दोन्ही दावे एकाच अहवालाशी येऊन भिडतात.

हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजेकसांनी भरलीत, असं तेव्हा ब्रिटिश संसदेत बोललं जात होतं. म्हणून १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. सात सदस्य, १,१९३ साक्षीदार. मला यातला सगळ्यात भारी वाटतो तो इस्पितळांचा तपास. १८९२ सालच्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण लिहिलं होतं गांजा-भांग. आयोगाने एकेक केस उकरली. निघालं काय, तर रुग्ण आणताना पोलिसांना 'वेडाचं कारण' हा रकाना भरावा लागे. भटक्या, बेवारशी माणसाबद्दल कुणाला काय माहीत? कुणी म्हणालं 'ओढायचा', की लिहा गांजा! इस्पितळ तेच उतरवून घेई. छाननीनंतर २२२ चे उरले ९८, आणि त्यातही फक्त गांजा-भांग हेच कारण असलेले ६१.

पण थांबा, ६१ म्हणजे शून्य नव्हे. अतिसेवनाने शरीर आणि मन दोन्ही बिघडतात, हे आयोगाने स्पष्ट लिहिलंय. माफक वापर बहुतेकांना फारसा बाधत नाही, तेव्हा बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असा त्याचा सल्ला होता. (त्यातून सरकारी तिजोरीत पैसा येत होता, हेही विसरू नका.)

मग बंदी आली कुठून? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून. अमेरिकेचा त्यात जोर होताच, पण सही आपणही केली, आणि गांजाचा नशेसाठीचा वापर थांबवायला २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपायच्या आत, १९८५ मध्ये, आपला एनडीपीएस कायदा आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं वगळली, म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांकडे राहिली.

आणि हो, 'थोडासाच होता, काही होत नाही' हा तिसरा फॉरवर्ड. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत 'अल्प प्रमाण' आहे, बरोबर. पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.