सबाचा बांध आणि नगरचे खापरी नळ



पवित्र कुरआनातील चौतिसाव्या सूरेचे नाव 'सबा' आहे. आपण तिची तिलावत करतो, आपली मुले ती मुखोद्गत करतात. पण सबा म्हणजे काय, असे वर्गात विचारले तर क्वचितच एखादा हात वर होतो. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

सबा हे आजच्या यमनमधील प्राचीन राज्य, राजधानी मारिब. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकापासूनचे त्याचे शिलालेख उपलब्ध आहेत. हजरमौतकडील लोबान उंटांच्या तांड्यांवरून येथूनच उत्तरेस गाझाकडे जाई. या व्यापाराने सबा संपन्न झाले. हजरत सुलेमान (अलै.) यांच्या भेटीस गेलेली येथील राणी परंपरेने बिल्कीस म्हणून ओळखली जाते.

परंतु सबाचे खरे वैभव लोबानात नव्हे, पाण्यात होते. मारिबला पाऊस जेमतेम. डोंगरातून येणारा पूर अडविण्यासाठी तेथील लोकांनी सुमारे ६०० मीटर लांबीचा बांध घातला, दोन्ही टोकांना भक्कम दगडी दरवाजे बांधले आणि पाटांनी दोन्ही काठांवरील हजारो हेक्टर जमीन भिजविली. पुराबरोबर गाळ येई. म्हणून बांध वारंवार उंच करावा लागे, फुटला की हजारो हात लागत. तिसऱ्या शतकात हिम्यर राज्याने सबा जिंकले, तरी हे काम चालूच राहिले. इ. स. ५४८ च्या सुमारास अबरहाने केलेल्या दुरुस्तीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यानंतर मात्र बांध फुटला तो कायमचाच. बागा उजाड झाल्या. 'सबाच्या लोकांसारखे पांगले' असा वाक्प्रचारच अरबीत रूढ झाला. २०२३ मध्ये युनेस्कोने या अवशेषांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

ही दूरदेशीची कथा म्हणून सोडून देऊ नका. १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसविलेले आपले नगरही कमी पावसाचेच. निजामशाहीत कापूरवाडी, शेंडी अशा गावांकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणले गेले. याच निजामशाहीच्या मलिक अंबरने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली. तो मूळचा हबशा देशाचा. सबाच्या लिपीतून जिची लिपी घडली, ती तांबड्या समुद्रापलीकडील भूमी हीच! आपले खापरी नळ मात्र हळूहळू बुजले.

मारिबचा बांध कोणा शत्रूने फोडला नाही. कुरआनात हा नाशुक्रीचा परिणाम सांगितला आहे. इतिहास सांगतो की देखभाल अपुरी पडली. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. नियामतीचा शुक्र केवळ जिभेने अदा होत नाही. गाळ काढणाऱ्या हातांनीही होतो. पूर्वजांनी बांधून दिलेली विहीर असो, मदरसा असो वा शाळा, हाच न्याय लागू आहे.

पुढच्या खेपेस मुलांना फराहबाग दाखवायला न्याल, तेव्हा तेथे पाणी कोठून येत असे, तेही त्यांना अवश्य सांगा.