खाली विस्तव, वर विस्तव

घरात ओव्हन आला आणि मग आपल्याकडे घरी ‘बेक’ करणे सुरू झाले, असे एक सर्वसाधारण मत आढळते. केक, पाव, बिस्किटे ही बेकरीवाल्यांची मिरास. आपले स्वयंपाकघर म्हणजे उकडणे, तळणे, परतणे आणि फार तर तव्यावर भाजणे, अशी ही वाटणी आहे. नेरूळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसून या गोष्टींचा माग काढणाऱ्या प्रस्तुत लेखकाला ती पटत नाही. ज्या भूमीवर हे शहर वसले तिथे आणि तिच्या आसपास, झाकलेल्या भांड्यात कोरड्या आचेवर पदार्थ भाजून काढण्याची रीत ओव्हनच्या कितीतरी आधीची आहे.

कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारे निनाव घ्या. तुपात खमंग भाजलेली पिठे, गूळ, नारळाचे दूध यांचे घट्टसर मिश्रण पातेल्यात घालायचे, पातेल्याखाली मंद निखारे ठेवायचे आणि झाकणावरही निखारे पसरायचे. खालचा विस्तव पदार्थ शिजवतो, वरचा त्याला तांबूस कांती देतो. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे कोबीचे किंवा कोलंबीचे भानोले याच कुळातले. त्याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० सालचे. म्हणजे ज्या घरांत हे पदार्थ होत होते, तिथली बाई शतकापूर्वी स्वयंपाकाचा ग्रंथ लिहीत होती. ‘वर-खाली विस्तव’ हे दोन शब्द म्हणजेच आपल्या ओव्हनची जुनी व्याख्या, असे म्हणायला हरकत नसावी.

याहून साधा आणि उघड्यावरचा प्रकार म्हणजे पोपटी. भातकापणीनंतर त्याच शेतात वाल पेरायचा. थंडीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, ऐपतीप्रमाणे अंडी किंवा कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंबही नको. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळे शिजते. यात भांडे मातीचे, इंधन फुकटचे आणि स्वयंपाकघर म्हणजे शेताचा बांध. पोपटी हा रात्रीचा खेळही होता. पाला आणणे, काटक्या गोळा करणे, जाळ विझू न देणे ही पोरांची कामे.

मग १९७० साल उजाडले. त्या वर्षीच्या १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी मुक्रर झाल्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलेली कल्पना अशी सरकारी झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसे मेली, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. जानेवारी म्हणजे ऐन पोपटीचे दिवस. भूखंड मिळाला तरी त्यावर वाल पेरता येत नाही, ही गोष्ट कोणत्याही टक्केवारीत बसत नाही. आज पोपटी संपली नाही. इमारतींच्या आवारात, फार्महाउसवर ती हौसेने लावतात. शेंगा मात्र विकत आणतात.

त्याच १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार बोलका वाटतो. सासू, आई, आत्या जवळ नसलेल्या, नव्या वसाहतीत दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या मुलीला वाटी-चमच्याचे नेमके माप हवे होते. ‘अंदाजाने’ या शब्दाने तिचे भागणार नव्हते. वाशी, नेरूळ, बेलापूरला आलेले लोक बहुतांशी असेच होते.

या घरांत गॅसची शेगडी आली आणि चूल गेली. धूर गेला, डोळ्यांचे पाणी गेले, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण चुलीबरोबर निखाराही गेला. गॅसला खालचा विस्तव आहे, वरचा नाही! निनाव अडले ते इथे. मग तडजोडी सुरू झाल्या. कुणी दुसरा तवा लाल तापवून झाकणावर ठेवी. कुणी कुकरची शिटी आणि रबर काढून तळाशी वाळू घाली आणि त्यात केकचे भांडे ठेवी. माझ्या आईने वर्षानुवर्षे हेच केले. केक शिजे, फुगे, पण वरून पांढुरकाच राही. पुढे झाकणातच कॉइल असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. नानकटाईसाठी तर मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून सरळ बेकरीत जायचे, तिथल्या ट्रेवर गोळे मांडायचे आणि भट्टीतून निघेपर्यंत उभे राहायचे. भट्टीच्या तापलेल्या विटांच्या छतातून वरची आच आपसूक मिळे. या दृष्टीने पाहिले तर घरगुती ओव्हन ही नवलाई नव्हे. हरवलेला वरचा विस्तव विजेच्या रूपाने परत आला, इतकेच.

फ्रीजरची कथाही अशीच वाचता येईल. आगरी-कोळी घरांत पावसाळ्यापूर्वी सुकट-बोंबील भरून ठेवायचे, इतरांकडे पापड, कुरडया, सांडगे, लोणची. याला बेगमी म्हणत. नव्या फ्लॅटला ना माळा, ना कोठी. गच्ची सामायिक, आणि तिच्या किल्लीवरून सोसायटीत वाद. अशा वेळी गोदरेजने १९५८ पासून देशात बनवायला घेतलेली ती पांढरी पेटी हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मे १९९२ मध्ये लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोचली, नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्या बायकांची सोय झाली आणि रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवण्याची निकडही वाढली. १९९६ साली भाजी-फळांचे घाऊक बाजार वाशीत आले. जानेवारीत मटार स्वस्त झाला की दहा-दहा किलो आणायचा, सोलायचा, उकळत्या पाण्यातून दोन मिनिटांत काढून थंड पाण्यात टाकायचा, निथळून पिशव्यांत भरायचा. उकळत्या पाण्याने दाण्यातली विकरे निकामी होतात, म्हणून रंग आणि गोडी टिकते. खवलेला नारळ, आमरस, वाटणे हे सगळे मागोमाग आले. भारनियमनाच्या वर्षांत एकदा आमचा सगळा साठा एका दुपारी पाणी होऊन वाहिला, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, “सांडग्याला वीज लागत नाही.”

फरक पडला तो मुलांना. पापडांवरचे कावळे हाकायला मूल लागे. अर्धवट वाळलेली कुरडई पळवायलाही तेच. निखारे विझत आले का ते सांगायला, भट्टीपाशी डबा धरून उभे राहायला मूल लागे. फ्रीजर आणि ओव्हन या बंद दाराच्या पेट्या आहेत. त्यांना राखणदार नको. बाईचे कष्ट कमी झाले, हा लाभ मी कशावरही ओवाळून टाकणार नाही. परंतु त्याच हिशेबात मुलाचे काम गेले, आणि कामातच मिसळलेला खेळ गेला, हे नोंदवायला हवे.

खेळ ही विकत आणण्याची वस्तू नव्हे, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी फार आधी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने उभी केली. भातुकली तरी वेगळे काय करते? कोरियांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सात-सात घरांना आठ मीटर लांबी-रुंदीचे एक अंगण दिले, तेव्हा त्यांच्याही मनात असेच काही असावे. बाकी शहराच्या वाट्याला जिन्याचा चौथरा आणि पार्किंग आले.

मार्च २०२० मध्ये सगळे घरात कोंडले गेले आणि घरोघरी एकदम ओव्हन पेटले. आमच्याकडेही पेटला. पोळ्या लाटताना आजी मला कणकेचा गोळा देई, त्याची मी चिमणी करी आणि ती तव्याच्या कडेला भाजून मिळे. तोच उद्योग मी भाचीबरोबर पावाच्या पिठावर केला. मनुकांचे डोळे, कात्रीने कापलेले पंख, टोकदार चोच. ती ओव्हनच्या काचेला नाक लावून पंधरा मिनिटे बसली, हलली नाही. यीस्टने आपले काम केले आणि चिमणीचे टम्म कबूतर झाले, चोच पार नाहीशी झाली. “हिला आता खाता कसं येणार?” तिने विचारले, आणि दुसऱ्या चिमणीला पीठ न फुगवताच आत घालायला लावले.